ड्रॅक्युला आणि पन्नासावी पेटी

भुताच्या गोष्टींना मी भीत नाही, असं मी बँकेत सर्वांना सांगून ठेवलं आहे. ते खरं करून दाखवायला एका पावसाळी रात्री ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' घेऊन बसलो. कर्जतचा पाऊस, वीज गेलेली, हाताशी मेणबत्ती, आणि स्टेशनात घाट चढायला गाडीच्या मागे लागणाऱ्या इंजिनाचा भोंगा. या इंजिनांना रेल्वेवाले 'बँकर' म्हणतात. मागून ढकलत राहायचं आणि नाव पुढच्याचं व्हायचं, तेव्हा नाव योग्यच आहे म्हणा!

किल्ल्याच्या भिंतीवरून पालीसारखा सरपटत उतरणारा काउंट वाचला आणि घाम फुटला. आमच्या भिंतीवरच्या पालीकडे पाठ करायचा धीर होईना.

"झोपा आता," सौ. म्हणाली. "ती पाल चार वर्षं इथंच आहे."

पण पुढं माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. अहो, ही भुताची कादंबरी कसली, ही तर ऑडिटची फाईल! सगळ्या रोजनिश्या, पत्रं आणि तारा. मिना नावाची बाई त्या टाइप करते, तारीखवार लावते, नकला ठेवते. काउंट लंडनला मातीच्या 50 पेट्या आणवतो. ही मंडळी हमालांना गाठून, कागदपत्रं तपासून 49 पेट्यांचा हिशेब लावतात. एक जुळत नाही, तर तिच्यामागे थेट ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत धावतात! सात पैशांच्या फरकापायी रात्री आठपर्यंत बसलेला मी. मला गहिवरून आलं.

मग सहज प्रकाशनाचं साल पाहिलं. मे 1897. आणि हसू मावळलं.

त्या वेळी आपल्याकडे निराळाच काउंट उतरला होता. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि माणसं मिळेल त्या वाटेनं पळत सुटली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. 22 जूनला पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. काउंटच्या हुकमतीत उंदीर असतात. प्लेगही उंदरांबरोबरच यायचा. आणि चावून रोग पोचवणारी ती रक्तपिपासू म्हणजे पिसू, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं 1898 साली कराचीत दाखवलं. तिच्यापुढे ना लसूण चालत होती, ना क्रूस.

आमची पणजी खालापूरकडची. प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या घातल्या, तिथं तिची धाकटी बहीण गेली, एवढंच आजी सांगायची. नाव विचारलं तर तिला आठवत नसे. कधीच नव्हती त्या लूसीची शेवटची रात्रसुद्धा तारीखवार नोंदलेली आहे. जी खरोखर होती, तिची कुठं एक ओळ नाही.

मी बँकेची जुनी डायरी काढली आणि लिहिलं : 'पणजीची धाकटी बहीण. खालापूर. प्लेग.'

"हे काय आता मध्यरात्री?"

"न जुळलेली पेटी," मी म्हणालो.

सौ.नं ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, "उद्या माझ्याही आत्याला विचारून बघते. विझवा ती मेणबत्ती."