खवडे, बुरशी आणि क्ष-किरण

मी चौथीत असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या डोक्यावर रुपयाएवढे दोन-तीन चट्टे होते. तिथले केस मुळाशी तुटलेले आणि कातडीवर राखेसारखा कोंडा. एके दिवशी गुरुजींनी त्याची बसकरपट्टी उचलून दाराजवळ टाकली. घरी सांगितल्यावर आई म्हणाली, ''त्याच्या डोक्यात खवडे झालेत. त्याची टोपी घालू नकोस हो.'' दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आला नाही. का आला नाही, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. पुढे बुरशींवर संशोधन करायला लागले, तेव्हा याच रोगाचा इतिहास वाचनात आला आणि दाराजवळची ती बसकरपट्टी पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली.

'खवडे' हा आपल्याकडचा ढोबळ शब्द. डोक्यावरच्या पुष्कळ तक्रारी त्यात येतात. तान्ह्या बाळाच्या टाळूवर तेलकट खपल्या धरतात, त्या वेगळ्या. त्या बहुधा आपोआप जातात. चाई वेगळी. चाईत केस जातात, पण खालची कातडी गुळगुळीत व स्वच्छ असते. तो संसर्ग नव्हे, शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते म्हणून ती होते. आपण इथे बोलणार आहोत ते शाळकरी वयातल्या, कोंडा धरणाऱ्या, केस तोडणाऱ्या आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगाविषयी. अंगावर झाला तर त्याला आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. इंग्रजांनी त्याच्या नावात किडा घातला. लॅटिनमधले नाव 'टिनिया', म्हणजे लोकरीला लागणारी कसर. किडा त्यात कोठेच नाही, पण कसरीची उपमा मात्र नकळत अचूक बसली आहे. कसर लोकर खाते ती तिच्यातल्या केराटिन या प्रथिनासाठी, आणि ही बुरशी आपला केस खाते तीही केराटिनसाठीच.

ही बुरशी आहे, हे कळायला १८३९ साल उजाडावे लागले. त्याआधी खवडे म्हणजे 'वाईट रक्त बाहेर पडणे', अशी वैद्यकाची समजूत होती. धागा सुरू होतो तो इटलीतल्या रेशमाच्या किड्यांपासून. आगोस्तीनो बासी याने १८३५ मध्ये दाखवून दिले, की रेशीमकिडे पांढरे पडून मरतात ते एका बुरशीमुळे, आणि ती एका किड्याकडून दुसऱ्याकडे जाते. पाश्चर तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता आणि कॉख जन्माला यायचा होता. जंतुवादाची गोष्ट वर्गात सांगताना आपण बहुधा या दोघांपासून सुरुवात करतो. ती काही दशके आधी, किड्यांपासून आणि मुलांच्या डोक्यांपासून सुरू करायला हवी.

बर्लिनमध्ये रॉबर्ट रेमाक या तरुणाने १८३७ मध्ये डोक्यावरच्या पिवळ्या, वाटीच्या आकाराच्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. या प्रकाराला युरोपात 'फेवस' म्हणत. त्याला गोल कण आणि फांद्या फुटलेले तंतू दिसले. मात्र ही वनस्पतीसदृश सजीव गोष्ट आहे, असे म्हणायचे त्याने टाळले. दोन वर्षांनी झुरिकमध्ये योहान शोनलाइन याने बासीचे प्रयोग स्वतः करून पाहिल्यावर त्याच खपल्या तपासल्या आणि ही बुरशी आहे, असे जेमतेम पानभर मजकुरात जाहीर केले. पुढे रेमाकने खपलीचा अंश स्वतःच्या हातावर लावून तिथे रोग उठवून दाखवला आणि १८४५ मध्ये बुरशीला नाव दिले ते शोनलाइनचे! रेमाक ज्यू होता. बाप्तिस्मा घ्यायला त्याने नकार दिला, म्हणून पूर्ण प्राध्यापकपद त्याला कधीच मिळाले नाही.

दुसरा मानकरी डेव्हिड ग्रुबी. हाही हंगेरीत जन्मलेला ज्यू, व्हिएन्नात शिकलेला आणि पॅरिसमध्ये येऊन राहिलेला. १८४१ ते १८४४ या चार वर्षांत त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे एकामागून एक टिपणे सादर केली. फेवसची बुरशी वेगळी, केसाभोवती बीजाणूंचे आवरण करणारी वेगळी, केसाच्या आत शिरून तो पोकळ करणारी वेगळी, असे प्रकार त्याने रेखाटून मांडले. १८४३ मध्ये मुलांच्या डोक्यावर गोल टक्कल पाडणाऱ्या बुरशीला त्याने 'मायक्रोस्पोरम औदुइनी' हे नाव दिले. ते आजही चालते. पण पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या काही नामांकित त्वचारोगतज्ज्ञांना हे पटले नाही. ग्रुबीने संशोधन सोडले आणि तो शोपँ व हाइनेसारख्यांवर उपचार करणारा विक्षिप्त पण लोकप्रिय डॉक्टर झाला. त्याचे काम जवळजवळ पन्नास वर्षे धूळ खात पडले.

कारण कळले, पण उपचार? इथे बुरशीचे जीवशास्त्र समजून घेतले पाहिजे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तो तयार होतो त्वचेच्या आत, मुळाशी असलेल्या जिवंत पेशींपासून. वर येईपर्यंत या पेशी मरून केराटिनने भरतात. बुरशीला हे मृत केराटिनच लागते. ती केसातून खाली मुळाकडे वाढत जाते आणि जिवंत पेशी सुरू होतात त्या सीमेवर थबकते. केस जितका वर येतो तितकीच ती खाली सरकते. म्हणजे सरकत्या जिन्यावर उलट चालणाऱ्या माणसासारखी ती एकाच जागी टिकून राहते. वरून कितीही मलम चोळले तरी ते त्या खोलीपर्यंत पोचत नाही. तेव्हा रोग काढायचा तर केसच मुळासकट काढायचा, एवढे लोकांना कारण न कळताही उमगले होते.

आणि त्यांनी तो काढला. मुलाच्या डोक्यावर डांबराची टोपी घट्ट चिकटवायची आणि काही दिवसांनी हिसडा मारून केसांसकट उपटायची, हा उपचार युरोपात कित्येक शतके चालू होता. पॅरिसच्या रुग्णालयांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माओं नावाच्या, डॉक्टर नसलेल्या भावांना त्यांच्या गुप्त भुकटीसकट कामाला ठेवले. ती भुकटी निदान टोपीपेक्षा सौम्य होती. १८५० नंतर एर्नेस्ट बाझँ याने बुरशीची कल्पना मान्य करून चिमट्याने एकेक केस उपटण्याची पद्धत रूढ केली. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात हे ध्यानात घ्या. या उपचाराला महिनेच्या महिने लागत आणि तोवर मुलाला शाळा बंद. सेंट लुई रुग्णालयात अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळाच काढावी लागली. लंडनमध्येही तशा शाळा निघाल्या. सक्तीचे शिक्षण आले, मुले एका बाकावर आली आणि रोग व शाळा यांची गाठ पक्की झाली.

याच सेंट लुईच्या प्रयोगशाळेत रेमों साबुरो काम करी. त्याने ग्रुबीची टिपणे पुन्हा उजेडात आणली, शेकडो डोक्यांवरच्या बुरश्या वाढवून त्यांचे वर्गीकरण केले आणि १९१० मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. बुरशी वाढवण्याचे त्याचे साखर, पेप्टोन व अगारचे माध्यम आजही जगभर, माझ्याही प्रयोगशाळेत, त्याच्याच नावाने ओळखले जाते.

१८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड याने एका लहान मुलीच्या पाठीवरचा केसाळ डाग क्ष-किरणांखाली धरला आणि केस गळाले. चिमट्याने जे महिन्यांत होत नव्हते ते इथे आपोआप होत होते. प्रश्न मात्रेचा होता. कमी पडली तर केस गळत नाहीत, जास्त झाली तर कायमचे टक्कल किंवा जखम. तेव्हा मात्रा मोजायचे साधन नव्हते. १९०४ मध्ये साबुरो आणि आंरी नुआरे यांनी बेरियम प्लॅटिनोसायनाइडची छोटी चकती वापरली. क्ष-किरण पडले की तिचा हिरवट रंग बदलून पिवळसर-तपकिरी होई. ठरावीक छटा आली की यंत्र बंद. राँटगेनच्या खोलीत ज्या पडद्याच्या चमकण्यातून शोध लागला, तो पडदाही याच रसायनाचा होता. शिक्षकांनी ही जोडी वर्गात जरूर सांगावी. १९०९ मध्ये लंडनच्या अॅडमसनने डोक्याचे पाच भाग करून सगळीकडे सारखी मात्रा देण्याची रीत बसवली. साधारण तीन आठवड्यांत सगळे केस गळत, त्यांच्याबरोबर बुरशी जाई, आणि काही महिन्यांत नवे, निरोगी केस येत.

त्या काळी ही पद्धत वरदान वाटली यात नवल नाही. दोन वर्षे घरी बसणारे मूल दोन महिन्यांत शाळेत परतू लागले. तुलनेला होते थॅलियम अॅसिटेट. ते पोटात दिले की केस गळत, पण केस गाळणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर थोडे. वजनाच्या हिशेबात चूक झाली की मुले दगावत, आणि काही दगावलीही. त्यापुढे क्ष-किरण सुरक्षितच वाटले असणार.

निदानही सोपे झाले. अमेरिकेतला भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड याने दृश्य प्रकाश अडवून जंबुपार (अतिनील) किरण तेवढे जाऊ देणारी, निकेल ऑक्साइड घातलेली काच बनवली होती. १९२५ मध्ये मार्गारो आणि दवेझ या फ्रेंच डॉक्टरांनी तो प्रकाश मुलांच्या डोक्यावर टाकला, तर अंधाऱ्या खोलीत बाधित केस हिरवे चमकले. वर्गच्या वर्ग तासाभरात तपासता येऊ लागले. मात्र ही चमक सगळ्याच बुरशींना नसते. भारतात पुष्कळ ठिकाणी मुलांच्या डोक्यावर सापडणारी 'ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम' ही केसाच्या आत राहते आणि चमकत नाही. तेव्हा आपल्याकडे हा दिवा काही चमकले नाही म्हणून निश्चिंत करू शकत नाही. केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो.

आता या गोष्टीतला अवघड भाग. १९१० ते १९५९ या काळात जगभर सुमारे दोन लाख मुलांच्या डोक्यावर असे क्ष-किरण सोडले गेले, असा अंदाज आहे. त्यांतली हजारो मुले नव्याने स्थापन झालेल्या इस्राएलमधली. १९४८ ते १९६० या वर्षांत उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातून आलेल्या निर्वासित ज्यू कुटुंबांतली ही मुले होती. आईवडिलांना भाषा येत नव्हती. काय केले जात आहे ते त्यांना नीट सांगितलेही गेले नाही. बारूख मोदान या रोगपरिस्थितीशास्त्रज्ञाने अशा जवळजवळ अकरा हजार जणांच्या नोंदी गोळा केल्या आणि त्यांची तुलना क्ष-किरण न मिळालेल्या त्यांच्या भावंडांशी व तशाच इतर मुलांशी केली. भावंडांशी तुलना करण्यात मोठे शहाणपण होते. घर, अन्न, वंश सगळे सारखे, फरक एका उपचाराचा. १९७४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूच्या आणि थायरॉइड ग्रंथीच्या गाठी उपचार झालेल्यांत स्पष्टपणे अधिक होत्या. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात मेंदूच्या आवरणावरच्या गाठींचे प्रमाण सुमारे साडेनऊ पट आढळले. मेंदूला मिळालेली मात्रा सरासरी दीड ग्रे होती. थायरॉइडला तर एक दशांश ग्रेहूनही कमी, कारण नळी गळ्यावर रोखलेली नव्हतीच. इतकी अल्प मात्राही लहान मुलांना बाधते, हे जगाला मुख्यतः ज्या अभ्यासांतून कळले त्यांत हा एक. आज मुलांचे सी.टी. स्कॅन उगीच करू नयेत असा आग्रह धरला जातो, त्यामागे या डोक्यांचा हिशेब आहे. १९९४ मध्ये इस्राएलने या लोकांना भरपाई देणारा कायदा केला. तोपर्यंत त्यांतले बरेच जण पन्नाशीकडे झुकले होते.

डॉक्टरांना दोष द्यावा का? मला वाटते, १९०४ च्या साबुरोला नाही. पण १९५० पर्यंत किरणोत्सर्गाच्या धोक्याविषयी पुष्कळ कळले होते, आणि ज्या रोगाने कोणी मरत नाही त्याच्यासाठी मुलाचा मेंदू किरणांखाली धरताना कोणीतरी थांबायला हवे होते. त्यातही एक गोष्ट विशेष बोचते. 'मायक्रोस्पोरम औदुइनी'चा रोग बहुतेक मुलांत वयात येताना आपोआप बरा होतो, हे पूर्वीपासून माहीत होते. १९४६ मध्ये शिकागोच्या स्टीफन रॉथमन यांनी कारणही सुचवले: मोठ्या माणसाच्या केसांतल्या तेलकट द्रव्यात बुरशीला रोखणारी मेदाम्ले असतात.

आणि खरे औषध तर १९३९ पासून बाटलीत होते! लंडनमध्ये ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक आणि सिमोनार यांनी एका पेनिसिलियम बुरशीतून 'ग्रिसिओफुल्विन' वेगळे काढले. ते जिवाणूंना मारत नाही म्हणून कोणी लक्ष दिले नाही. १९४६ मध्ये इंग्लंडातल्याच दुसऱ्या गटाला, झाडे नीट न वाढणाऱ्या एका माळरानाच्या मातीतल्या बुरशीत, इतर बुरश्यांचे तंतू वेडेवाकडे वळवणारे द्रव्य सापडले. वर्षभरात कळले की ते हेच. ते वनस्पतिरोगांवर वापरायचे घाटत होते. शेवटी १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेंटल्स यांनी ते गजकर्ण झालेल्या गिनीपिगना खाऊ घातले आणि प्राणी बरे झाले. वर्षभरात माणसांवरही गुण दिसला. पोटात घेतलेले हे औषध रक्तावाटे केसाच्या मुळाशी जाते आणि तयार होणाऱ्या नव्या केराटिनमध्ये मुरते. ज्या सीमेवर बुरशी उभी असते तिथे आता तिला खायला विषारी अन्न येते. ती खाली सरकू शकत नाही आणि जिना तिला हळूहळू वर, बाहेर घेऊन जातो. म्हणूनच गोळ्या सहा ते आठ आठवडे घ्याव्या लागतात. चार दिवसांत कोंडा कमी झाला म्हणून थांबवल्या, तर बुरशी पुन्हा खाली उतरते. आज टर्बिनाफिनसारखी आणखी औषधेही आहेत.

दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम मात्र या रोगावर लावू नये. खाज थांबते, लाली जाते आणि बुरशी आतल्या आत फोफावते. वर्गात असे डोके दिसले तर मुलाला डॉक्टरकडे पाठवावे, घरातल्या भावंडांची डोकी पाहायला सांगावीत, कंगवा, टोपी, रुमाल आणि न्हाव्याचा वस्तरा वेगळा ठेवायला सांगावे. पोटातले औषध सुरू झाल्यावर मुलाला घरी बसवण्याचे कारण उरत नाही, आणि त्याची बसकरपट्टी दाराजवळ टाकण्याचे तर नाहीच.