समलिंगी उद्योजक आणि भांडवलाचा प्रश्न : पुस्तकांच्या दुकानांच्या आधारे एक ऐतिहासिक मागोवा

एलजीबीटीक्यू समूहातील उद्योजकांच्या अर्थपुरवठ्याचा विचार करताना अलीकडचे अभ्यासक बहुधा साहस भांडवलापासून प्रारंभ करतात. तथापि या प्रश्नाचा इतिहास बराच जुना आहे आणि तो पुस्तकांच्या छोट्या दुकानांत अधिक स्पष्टपणे दिसतो. उद्योग उभारणाऱ्या व्यक्तीचे खाजगी जीवन कायद्याने गुन्हा ठरत असताना भांडवल कोठून आले, या प्रश्नाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

क्रेग रॉडवेल (१९४०–१९९३) हा न्यूयॉर्कमधील मॅटाचिन सोसायटी या समलिंगी हक्क संघटनेचा कार्यकर्ता होता. संघटनेने रस्त्यालगत, काचेच्या दर्शनी भागाचे कार्यालय उघडावे, म्हणजे येणाऱ्यास चोरपावलांनी जिना चढावा लागणार नाही, असा त्याचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. तेव्हा रॉडवेलने फायर आयलंड या सुटीच्या बेटावरील हॉटेलात उन्हाळ्याच्या हंगामात काम करून पैसे साठवले आणि २४ नोव्हेंबर १९६७ रोजी मर्सर स्ट्रीटवर ‘ऑस्कर वाइल्ड मेमोरियल बुकशॉप’ सुरू केले. आरंभी मांडणीवर जेमतेम पंचवीस शीर्षके होती. कारण भांडवल तुटपुंजे होते आणि समलिंगी जीवनाविषयी आदराने लिहिलेली पुस्तकेही थोडीच होती. सहज खपली असती अशी अश्लील मासिके ठेवण्यास मात्र त्याने नकार दिला. व्यापारी दृष्टीने हा निर्णय तोट्याचाच म्हणावा लागेल. परंतु या दुकानाची प्रतिष्ठा त्यावरच उभी राहिली. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या पहिल्या अभिमान मोर्चाच्या आखणीत या दुकानाचा मोठा वाटा होता.

न्यूयॉर्क राज्यात प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध १९८० पर्यंत गुन्हा होते. कर्ज मागणाऱ्याने बँकेपुढे तारण ठेवावे, जामीनदार आणावा आणि व्यवसायाचे स्वरूप मोकळेपणाने सांगावे, ही बँक व्यवहाराची नेहमीची रीत. यांतील शेवटची अट पाळणे हेच अशा उद्योजकास सर्वांत कठीण होते. म्हणून स्वतःची बचत हाच भांडवलाचा पहिला स्रोत ठरला. रॉडवेलचा एके काळचा निकटचा मित्र हार्वे मिल्क यानेही १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘कॅस्ट्रो कॅमेरा’ हे दुकान काढले, ते जोडीदारासह शिल्लक राहिलेल्या हजार डॉलरांतून. भांडवलाइतकाच परवान्याचाही अडसर होता. त्याच भागात जुन्या वस्तूंचे दुकान काढू पाहणाऱ्या दोन समलिंगी पुरुषांना परवाना मिळू नये यासाठी स्थानिक व्यापारी संघटनेने प्रयत्न केले. त्यास उत्तर म्हणून मिल्क व इतर दुकानदारांनी स्वतःची ‘कॅस्ट्रो व्हिलेज असोसिएशन’ स्थापन केली. १९७४ च्या त्यांच्या रस्त्यावरील जत्रेस पाच हजारांहून अधिक लोक आले. ही गर्दी पाहून विरोधी दुकानदारांचाही गल्ला भरला, हे नमूद केले पाहिजे.

भांडवलाचा दुसरा स्रोत फिलाडेल्फियात दिसतो. जेम्स बाल्डविनच्या कादंबरीचे नाव धारण करणारे ‘जोव्हानीज रूम’ हे दुकान १९७३ मध्ये निघाले. भाड्याच्या जागेतून बाहेर पडण्याची वेळ आली तेव्हा, १९७९ मध्ये, एड हर्मन्स व आर्लीन ओल्शन या चालकांनी स्वतःची इमारत घेतली. त्यासाठीचे कर्ज ग्राहकांनी व परिचितांनी दिले आणि दुरुस्तीचे काम स्वयंसेवकांनी केले. येथे ग्राहक हाच सावकार झाला. भांडवलाची किंमत व्याजात मोजायची की दुकान टिकण्यात, हा भेद अशा व्यवहारात पुसट होतो. रूढ अर्थशास्त्रीय परिभाषेत तो बसवणे अवघड आहे.

लंडनच्या ‘गेज द वर्ड’ (स्थापना १९७९) या दुकानाचा अनुभव याहून कठोर होता. पुस्तकविक्रेत्याचे खेळते भांडवल मालाच्या रूपाने फडताळांवर असते. एप्रिल १९८४ मध्ये सीमाशुल्क खात्याने छापा घालून अमेरिकेतून आयात केलेली पुस्तके जप्त केली, म्हणजे प्रत्यक्षात हे भांडवलच गोठले. संचालकांवर खटला भरण्यात आला. बचावनिधीत ५५ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली आणि १९८६ मध्ये आरोप मागे घेण्यात आले. शासनाच्या कारवाईमुळे कोंडलेले भांडवल वर्गणीने भरून काढण्याचे हे ठळक उदाहरण होय.

२९ मार्च २००९ रोजी ऑस्कर वाइल्ड बुकशॉप बंद झाले. आर्थिक मंदी आणि ऑनलाइन विक्री यांपुढे ते टिकले नाही. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी उद्योजकांची गुंतवणूकदारांशी गाठ घालून देणारी ‘स्टार्टआउट’ ही संस्था उभी राहिली. वर्गणी व उसनवारीची जागा येथे समभागाने घेतली. परंतु समभाग वेगवान वाढ मागतो. पंचवीस पुस्तकांचे दुकान अशा गुंतवणूकदारापुढे उभे राहिले असते का, याची शंका वाटते.

मुंबईत हा प्रवास वेगळ्या क्रमाने झाला. येथे अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले, तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ पूर्णपणे लागू होते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या जुलै २००९ च्या निकालानंतर, २०१० मध्ये शोभना कुमार यांनी ‘क्वीअर इंक’ हे ऑनलाइन पुस्तकदालन सुरू केले. रस्त्यालगतची काच येथे पहिल्यापासूनच नव्हती. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांमधील संमतीचे संबंध पुन्हा गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. एकाच उद्योगाच्या पहिल्या आठ वर्षांत चालकाची व ग्राहकाची कायदेशीर स्थिती दोनदा पालटली. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व परस्परांना नामनिर्देशित करण्यास कोणतेही बंधन नाही, असा खुलासा केंद्रीय अर्थ मंत्रालयाने केला तो त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये.