मेंदूतील लोह मोजणाऱ्या एमआरआयची कुळकथा

मेंदूतील लोह एमआरआयने मोजण्याच्या तंत्राचे मूळ एका निळ्या रंगात आहे. 1867 मध्ये जर्मन डॉक्टर मॅक्स पर्ल्स यांनी ऊतींतील लोह प्रशियन निळ्या रंगाने दाखवणारी रासायनिक कसोटी मांडली. मेंदूच्या कोणत्या भागांत लोह अधिक असते, हे 1922 मध्ये ह्यूगो स्पाट्झ यांनी दाखवले. 1958 मध्ये स्वीडनच्या हालग्रेन आणि सोरांदर यांनी लोहाचे प्रमाणच मोजले. ग्लोबस पॅलिडस या भागात 100 ग्रॅम ऊतीमागे ते सुमारे 21 मिलिग्रॅम भरले. 1960 मध्ये त्यांनी अल्झायमर रुग्णांचे मेंदूही तपासले. हे सारे मोजमाप अर्थातच मृत्यूनंतरचे होते.

जिवंत मेंदूतील लोह दिसू लागले ते एमआरआयमुळे. मेंदूतील बरेचसे लोह फेरिटिन या प्रथिनात साठलेले असते. ते भोवतालचे चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवते, त्यामुळे पाण्यातील हायड्रोजनचा संकेत लवकर विरतो आणि तो भाग प्रतिमेत काळा दिसतो. 1986 मध्ये अमेरिकेत बर्टन ड्रेयर यांनी या काळ्या भागांचा लोहाशी संबंध दाखवला. पण काळेपणा म्हणजे माप नव्हे. पाण्याच्या प्रमाणाचाही त्यावर परिणाम होतो. म्हणून 1993 मध्ये जॉर्ज बार्टझोकिस यांनी एकाच व्यक्तीचे दोन वेगवेगळ्या तीव्रतेच्या चुंबकांत स्कॅन घेऊन, त्यांतील फरकावरून फेरिटिनचा अंदाज बांधला.

2010 च्या सुमारास क्वांटिटेटिव्ह ससेप्टिबिलिटी मॅपिंग, म्हणजे क्यूएसएम, आकाराला आले. यात संकेताच्या फेजवरून प्रत्येक बिंदूची चुंबकीय ग्रहणक्षमता काढतात. लोहाने ती वाढते, कॅल्शियमने घटते. त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखता येतात. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे 2012 मध्ये मृत मेंदूंवर पडताळा घेतला, तेव्हा खोल करड्या भागांत क्यूएसएमचे आकडे रासायनिक मापाशी चांगले जुळले. पांढऱ्या भागात मायलिन या मज्जातंतूंच्या आवरणामुळे ते तितके जुळत नाहीत.

लोहाचे दुसरे रूप सिंगापूरच्या संशोधनात पुढे आले. ‘एपिडेमियॉलॉजी ऑफ डिमेन्शिया इन सिंगापूर’ या अभ्यासात चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या ज्येष्ठांचे 3 टेस्ला यंत्रावर स्कॅन झाले. बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपलेल्या रक्तातील लोह हिमोसिडेरिन म्हणून मागे उरते आणि स्कॅनमध्ये काळ्या ठिपक्यासारखे दिसते. असे अनेक ठिपके असलेल्यांची आकलनक्षमता कमी असल्याचे या अभ्यासाने 2014 मध्ये नोंदवले. येथे ठिपके मोजले जातात, तर क्यूएसएम ऊतीतील लोहाचे प्रमाण सांगते.

2017 मध्ये ऑस्ट्रेलियातील स्कॉट एटन यांच्या गटाने क्यूएसएम वापरून दाखवले, की मेंदूत अमायलॉइड हे अल्झायमरशी निगडित प्रथिन साठलेल्यांपैकी ज्यांच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात लोह अधिक, त्यांची आकलनक्षमता अधिक वेगाने घटते. मग लोह काढून टाकणाऱ्या डेफेरिप्रोन या औषधाची अल्झायमर रुग्णांवर चाचणी झाली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हिप्पोकॅम्पसमधील लोह घटलेले क्यूएसएमवर दिसले, पण रुग्णांची घसरण थांबण्याऐवजी वाढली. यावरून स्कॅनचे काम आणि त्याची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात: लोह किती आहे हे तो सांगतो, पण ते लोह रोगाचे कारण आहे की परिणाम, हे एकट्या स्कॅनवरून ठरत नाही.