चुलीची राख आणि मनी

आषाढातल्या एका संध्याकाळी आमची कन्या शाळेतून आली ती दप्तर पोटाशी कवटाळून. पुस्तके भिजू नयेत म्हणून एवढी काळजी, असे वाटून मला तिचे कौतुक वाटले. पण दप्तर जमिनीवर टेकताच त्यातून एक चिरका आवाज आला आणि पाठोपाठ मुठीएवढे, ओलेचिंब, राखाडी तोंड बाहेर डोकावले. ‘बाबा, ही फाटकाजवळ एकटीच होती,’ एवढेच ती म्हणाली. त्या रात्री आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यावर, खोक्यात, ते पिल्लू झोपी गेले आणि सकाळपर्यंत त्याचे ‘मनी’ असे नावही पडून गेले.

आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. वाईजवळच्या आमच्या गावातले घर दोन वर्षांपूर्वी विकले आणि आईला इकडे आणले. त्या घरातून आईने फारसे काही आणले नाही. मागच्या अंगणातल्या वृंदावनातली तुळस मात्र मुळांवरच्या मातीसकट उचलून आणली. आमच्या हातभर सज्जात एका मोठ्या कुंडीत ती आता नांदते आहे. स्नान करून तुळशीला पाणी घातल्याशिवाय आई चहाचा घोट घेत नाही. हे सांगण्याचे कारण वाचकांच्या लवकरच ध्यानात येईल.

मनीसाठी सौभाग्यवतीने दुकानातून एक पसरट तबक आणि सुगंधी दाण्यांची पिशवी आणली. मोरीशेजारच्या बोळात, कपडे धुण्याच्या यंत्रालगत, ते तबक आम्ही मोठ्या थाटाने मांडले. मनीने ते हुंगले, शेपटी ताठ केली आणि ती चालू लागली. पहिल्या दिवशी तिने रद्दीचा गठ्ठा पसंत केला. दुसऱ्या दिवशी आठवी ‘ब’च्या इतिहासाच्या उत्तरपत्रिका. त्यांतल्या काहींचे परीक्षण मी निराळे केले असते असे नाही. तरी प्रकार गंभीर होता. तिसऱ्या दिवशी पहाटे आई तांब्या घेऊन सज्जात गेली आणि तशीच परत आली. तुळशीची माती उकरलेली होती, आणि का उकरली होती ते सांगायला नको.

आई ओरडली नाही. तिने तांब्या देवघरात ठेवला आणि पाटावर बसून राहिली. त्या दिवशी तिने चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच घडले. मग ती म्हणाली, ‘अरे, तिला मंडईत सोडून ये. तिथे तिचे पोट तरी भरेल.’ कन्येने हे ऐकले आणि जेवणाचे ताट सरकवून दिले. एका बाजूला आजी उपाशी, दुसऱ्या बाजूला नात उपाशी! मी रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाची खोड अशी, की पुढचा रस्ता दिसेनासा झाला म्हणजे तो मागे पाहू लागतो. मीही ते चार दिवस मांजराचा इतिहास धुंडाळण्यात घालवले.

घरोघरची मांजरे मूळची आफ्रिकी रानमांजराच्या वंशातली. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातला कोरडा, रेताड मुलूख हे त्याचे माहेर. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्यालगत पुरलेले मांजर सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. बेटावर मांजरे मूळची नव्हतीच, तेव्हा कोणीतरी त्याच्या पूर्वजांना होडीतून नेले असले पाहिजे. धान्याची कोठारे झाली, कोठारांत उंदीर आले, उंदरांमागून मांजर आले. आमंत्रण असे कोणी दिलेच नाही. मात्र येताना रानातली एक सवय ते घेऊन आले: सुटी माती पाहायची, खड्डा करायचा आणि वर माती ओढायची. आपला वास शत्रूला आणि सावजाला लागू नये, ही त्यातली मेख. पिल्लू जेमतेम चार आठवड्यांचे झाले की शिकवल्यावाचूनही सुटी माती उकरू लागते.

आपल्या पूर्वजांनी मांजराची ही स्वच्छता हेरली होती. संस्कृतातला ‘मार्जार’ हा शब्द ‘मृज्’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे या धातूवरून आला, असे मानतात. ज्याचे नावच ‘स्वतःला पुसूनपासून ठेवणारा’, त्याने आमच्या उत्तरपत्रिकांवर असा प्रसंग आणावा, हे मला कोड्यासारखे वाटू लागले.

मांजराची किंमत माणसाने वेळोवेळी ठरवली ती त्याच्या शिकारीवरून. वेल्समध्ये दहाव्या शतकातल्या हवेल राजाच्या नावावर असलेल्या कायद्यात डोळे न उघडलेल्या पिल्लाची किंमत एक पेनी, उंदीर मारीपर्यंत दोन पेन्या आणि उंदीर मारू लागल्यावर चार पेन्या अशी बांधून दिलेली आहे. आपल्या वऱ्हाडातही असाच एक हिशेब झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगने गावेच्या गावे ओस पडत होती, तेव्हा अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू बुकॅनन यांनी मांजरे पाळा म्हणजे उंदीर हटतील आणि प्लेग आवरेल, असा आग्रह धरला. १९०८ साली त्यांचा त्यावरचा लेख विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला.

या सगळ्या इतिहासात मांजर खाते काय, मारते काय, त्याची किंमत काय, याची नोंद आहे. ते ‘जाते’ कुठे, याची विचारपूस सहसा नाही. कारण सरळ आहे. परसदार होते, गवताची गंजी होती, शेणखताचा खड्डा होता. माती मुबलक होती तोवर प्रश्नच उद्भवला नाही. मांजर घरात कोंडले गेले तेव्हा तो उद्भवला.

आता त्या प्रश्नाच्या उत्तराची गोष्ट. अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅसोपोलिस नावाचे लहानसे गाव आहे. तिथे १९४७ सालच्या जानेवारीत एडवर्ड लो नावाच्या तरुणाच्या दारी शेजारीण आली. तिचे नाव के ड्रेपर. थंडीने तिच्याकडचा वाळूचा ढीग गोठून दगड झाला होता. मांजरासाठी ती चुलीतली राख वापरू लागली, तो मांजराने राखेची पावले घरभर उमटवली. बिचारी थोडी वाळू मागायला आली होती. लो मंडळींचा धंदा कारखान्यांत सांडलेले तेल टिपून घेणारा माल विकण्याचा. लोने वाळूऐवजी भाजलेल्या, दाणेदार चिकणमातीची पिशवी तिच्या हाती ठेवली. ही माती म्हणजे आपल्याकडे बायका तोंडाला लावतात त्या मुलतानी मातीची बहीण. लोकरीतला तेलकटपणा काढायला विलायतेतले धोबी ती पूर्वापार वापरत.

बाई काही दिवसांनी पुन्हा आल्या, आणखी मातीसाठी. लोने मग दहा पिशव्या भरल्या, प्रत्येकीत पाच पौंड माती, आणि वर नाव लिहिले ‘किटी लिटर’. किंमत पासष्ट सेंट. वाळू कवडीमोलाने मिळत असता एवढे पैसे कोण देणार, असे दुकानदाराला वाटले. ‘मग फुकट वाट,’ लो म्हणाला. फुकट नेलेली गिऱ्हाइके पैसे घेऊन परत आली आणि त्या मातीतून पुढे कोट्यवधींचा धंदा उभा राहिला. १९८०च्या दशकात टॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने बेंटोनाइट माती पुढे आणली. ती पाणी पिऊन फुगते आणि तिचा गोळा होतो, तेवढा उचलून टाकला की झाले. ही माती आपल्या कच्छातही खाणींतून निघते. लो १९९५ साली वारला.

शनिवारी रात्री जेवताना ही हकीकत मी घरात सांगितली. राखेच्या पावलांपाशी येताच आई एकदम हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

‘अरे, आमच्या आजीकडे अस्सेच व्हायचे! मिरगाचा पाऊस लागला की मांजर बाहेर पडेना. मग आजी पडवीच्या कोपऱ्यात फुटक्या घमेल्यात चुलीतली राख घालून ठेवायची. आणि सारवलेल्या जमिनीवर ही पांढरी पावलेच पावले!’ क्षणभर ती थांबली आणि सज्जाकडे पाहत म्हणाली, ‘या घरात कुंडी सोडली तर माती आहे कुठे? ती तरी कुठे जाईल?’

मी पुढे बोललो नाही. ज्या बाईला अंगण सोडून तिसऱ्या मजल्यावर यावे लागले, तिला हे माझ्याआधी कळावे, यात नवल नव्हते.

रविवारी सकाळी मनीला मंडईत नव्हे, जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी पोट आणि लघवी तपासली. मांजर भलतीकडे जाऊ लागले तर पहिल्यांदा दुखणे नाही ना हे पाहावे, असे ते म्हणाले. बोका वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर तासाभराचाही उशीर करू नये. त्यात जीव जातो. मनी ठणठणीत होती. मग त्यांनी तबक कुठे ठेवले आहे ते विचारले आणि आमच्या चुका एकेक करून बाहेर पडल्या. यंत्र घुर्रर्र करून फिरू लागले की मनी भेदरत होती. जो सुगंध आम्हाला आवडला, तो तिच्या नाकाला असह्य होता. तबक दिवसातून एकदा तरी साफ व्हायला हवे होते, ते तसेच पडून होते. गोळा होणारी माती अगदी लहान पिल्ले खातात, म्हणून तूर्त ती नको. आणि मारणे, नाक घासणे हे प्रकार तर नकोतच. त्याने मांजर जागा शिकत नाही, फक्त आपल्याला भ्यायला शिकते.

घरी येताच आईने सूत्रे हाती घेतली. तबक शांत कोपऱ्यात हलले. बिनवासाच्या दाण्यांत तिने कुंडीतली उकरलेली माती दोन ओंजळी मिसळली. कुंडीतली वरची माती काढून नवी घातली आणि तुळशीभोवती मुठीएवढे गोटे मांडले. जिथे जिथे चूक झाली होती, ती जागा वास पुरता जाईपर्यंत धुतली. वास राहिला तर मांजर तिथेच परत येते. मनी संध्याकाळी कोपऱ्यात गेली, हुंगले, उकरले आणि मग बराच वेळ माती ओढत राहिली. आम्ही सगळे दाराआडून श्वास रोखून पाहत होतो. इतक्या भक्तिभावाने आमच्या घरात दुसरे काही पाहिले गेल्याचे स्मरत नाही.

तबकातल्या मातीचे प्रमाण आईने दर आठवड्याला थोडे थोडे कमी केले. श्रावण सरेपर्यंत नुसते दाणे उरले. एकदोनदा चूक झाली, पण मंडईचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तुळशीला पाणी घातले आणि चहा मागितला. सौभाग्यवतीने तो जरा अधिकच गोड केला. तुळशीला नवी पालवी आली आहे. दिवाळी उलटली की कार्तिकात तिचे लग्न लागेल. ऊस, चिंचा, आवळे आणायचे आहेत, कन्येने अंतरपाट धरायचे आधीच कबूल करून घेतले आहे, आणि वऱ्हाडात मनीची जागा गोट्यांच्या पलीकडे, असे आजीने बजावून ठेवले आहे.