निर्गुडी : शोथरोधी परीक्षण

निर्गुडीच्या (व्हायटेक्स निगुंडो; कुल लॅमिएसी, पूर्वी व्हर्बिनेसी) पानांनी सूज उतरते का, हे प्रयोगशाळेत प्राण्यांवर मोजून पाहण्याची प्रक्रिया.

सांधे सुजले की निर्गुडीचा पाला गरम करून बांधणे हा महाराष्ट्रातील जुना घरगुती उपचार. आयुर्वेदातही निर्गुडी तेल वापरतात (पहा : आयुर्वेद). परीक्षणाची दिशा या वापरातूनच ठरली.

तीव्र शोथासाठी विंटर, रिस्ले व नस यांनी १९६२ मध्ये मांडलेली कॅराजीनन पद्धत सर्वांत रूढ आहे. उंदराला पानांचा अर्क आधी पाजतात. मग मागच्या पायाच्या तळव्यात तांबड्या शैवलापासून मिळणाऱ्या कॅराजीननाचा १ टक्का विद्राव ०.१ मिलि. टोचतात. पाय खुणेपर्यंत द्रवात बुडवून, सरकलेल्या द्रवावरून त्याचे आकारमान काढतात. सुरुवातीला हिस्टामीन व सेरोटोनीन, पुढे ब्रॅडिकिनीन आणि विशेषतः प्रोस्टाग्लँडिने सूज वाढवतात. हा पुढचा टप्पा तिसऱ्या तासाच्या सुमारास असतो, म्हणून त्या तासाचे मापन महत्त्वाचे (पहा : शोथ). तुलनेसाठी एका गटाला नुसते द्रावक, दुसऱ्याला इंडोमेथॅसीन हे प्रचलित शोथरोधी औषध देतात. जुनाट शोथासाठी त्वचेखाली कापसाची गोळी ठेवून तिच्याभोवती वाढलेल्या ऊतकाचे वजन करतात.

श्रीलंकेतील २००३ च्या अभ्यासात ताज्या, जून पानांच्या जलीय अर्काने उंदरांतील सूज कमी झाली. मात्र एवढ्यावरून निर्गुडी माणसासाठी सिद्ध औषध ठरत नाही. त्यासाठी मानवी चाचण्या लागतात (पहा : चिकित्सालयीन चाचणी). भारतात असे प्राणिप्रयोग करण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आवश्यक असते.