मधली सुट्टी

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. संध्याकाळ झाली की डोळ्यांत कोणीतरी वाळू टाकल्यासारखं चुरचुरायचं. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "काम करताना मधे उठता का?"

"उठतो की. चहाला."

"आणि चहा पिताना हातात काय असतं?"

मी गप्प. मोबाईल असतो, दुसरं काय!

तर थेंब लिहून मिळाले, आणि एक नियम. दर २० मिनिटांनी २० फूट लांबची वस्तू २० सेकंद बघायची. आमचं ऑफिस लोअर परळला. खिडकीतून लांबचं म्हणून जे काही दिसतं त्यात एका बंद गिरणीची चिमणी आहे. गेला आठवडाभर मी इमानेइतबारे त्या चिमणीकडे बघतोय. बघता बघता एक प्रश्न डोक्यात आला. या चिमणीखाली जी माणसं राबत होती, त्यांना मधली सुट्टी किती मिळायची हो?

शोधत बसलो (अर्थात स्क्रीनवरच!) आणि उत्तर सापडलं: कायद्याने, शून्य.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. कारखान्यांसाठीचा पहिला कायदा आला तो १८८१ साली, आणि तोही मुख्यतः लहान मुलांसाठी. ७ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही आणि मधे तासभर विश्रांती द्यायची. होय, सात वर्षांच्या! मोठ्यांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. गिरणी चालायची सूर्योदय ते सूर्यास्त, म्हणजे उन्हाळ्यात साधारण १३ तास.

इथे येतात नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८चा, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. काही काळ त्यांनी एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केली होती, म्हणजे आतलं सगळं डोळ्यांनी बघितलेलं. पुढे 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र चालवलं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनसाठी एक अर्ज तयार केला. सुमारे ५,५०० कामगारांनी त्याला पाठिंबा दिला. मागण्या पाच. रविवारी पूर्ण सुट्टी. रोज दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

रविवारची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १० हजार कामगार जमले, दोन कामगार बायका त्या सभेत बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पण मला त्या दुसऱ्या मागणीचं जास्त नवल वाटलं. १३ तासांतला अर्धा तास. त्यासाठीसुद्धा भांडावं लागावं?

मालकांचा युक्तिवाद तर फारच ओळखीचा आहे. त्यांचं म्हणणं असं की आमचा कामगार तसाही मधून मधून मशीन सोडून बाहेर जातो, बिडी ओढतो, गप्पा मारतो. मग त्याला वेगळी सुट्टी कशाला?

कामगार बाहेर जायचे हे खोटं नव्हतं. पण ती चोरलेली सुट्टी. आत मशीन चालूच, आपलं काम शेजारी सांभाळतोय, जॉबरची नजर दारावर आणि दंडाची भीती मनात. लोखंडे जे मागत होते ते वेगळं होतं: एका ठरलेल्या वेळी सगळ्यांचं काम एकदम थांबलं पाहिजे. म्हणजे मग कोणाला कोणाकडे चोरून बघावं लागत नाही. १८९१ च्या कायद्याने ते दिलं. दुपारी १२ ते २ च्या दरम्यान अर्धा तास काम बंद. पुढे १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टने सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नको, मधे किमान अर्धा तास हवाच, असं पक्कं केलं. लोखंडे मात्र १८९७ च्या प्लेगमध्ये गेले.

या सगळ्यात एक मजेशीर (खरं तर भयंकर) वळण आहे. १८९१ च्या कायद्याने मोठ्या पुरुषांचे एकूण तास बांधलेच नव्हते. ते बांधत होता सूर्य. मग गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तो ब्रेकही निकामी झाला. १९०५ च्या तेजीत काही गिरण्या १४-१५ तास चालू लागल्या, कामगार चिडले, संप झाले. शेवटी १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत १२ तासांची मर्यादा घातली. दिवा आला आणि दिवस लांबला. आपल्या हातातल्या दिव्याने आपलं वेगळं काय केलंय?

आता थोडं डोळ्यांचं. १९९३ साली दोन जपानी डॉक्टरांनी पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा, आणि स्क्रीनपुढे ७ वेळा. माझ्या वाळूचं कारण हेच! दुसरा अभ्यास २००० सालचा, अमेरिकेच्या करखात्यातल्या ४२ डेटा एन्ट्री ऑपरेटर्सचा. त्यांना नेहमीच्या दोन सुट्ट्यांशिवाय ५-५ मिनिटांच्या चार छोट्या सुट्ट्या दिल्या. डोळ्यांचा आणि अंगाचा त्रास कमी झाला, आणि काम? २० मिनिटं कमी बसूनही तेवढंच झालं.

म्हणजे औषध स्वस्त आहे, फुकटच आहे म्हणा ना. मग आपण ते घेत का नाही?

मला वाटतं, आपली सुट्टी पुन्हा चोरीची झाली आहे. चहाला जाताना मशीन बंद होत नाही, ते हातात घेऊनच आपण जातो. चॅटमधला हिरवा ठिपका पिवळा झाला तर कोणी काय म्हणेल, ही धाकधूक असतेच. आणि आता खरं सांगतो. मी टीम लीड आहे. "जेवताय का? एकच मिनिट..." असा मेसेज मी स्वतः कितीदा पाठवलाय त्याची गणती नाही. गिरणीच्या गोष्टीत स्वतःला शोधायला गेलो तो कामगार म्हणून, आणि सापडलो तो जॉबरच्या जागी.

सोमवारपासून आमच्या टीमच्या कॅलेंडरवर दुपारी साडेतीनला दहा मिनिटं 'मधली सुट्टी' लिहिलंय. सगळ्यांनी एकदम उठायचं, मोबाईल टेबलावर ठेवून. पहिल्या दिवशी काय करावं हेच कोणाला सुचेना, सगळे खिडकीशी अवघडून उभे. गुरुवारी एकाने विचारलं, "ती चिमणी कुठल्या गिरणीची रे?"

दहा मिनिटं त्यावरच गेली. असो, सुरुवात तर झाली.