सोवेटोचा मोर्चा आणि आपली शाळा

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने, शिक्षणाच्या माध्यमावरून मुलांचे रक्त सांडले गेले त्या एका वर्षाचे स्मरण करावेसे वाटते. ते वर्ष १९७६ आणि तो देश दक्षिण आफ्रिका.

तेथे १९४८ पासून वर्णभेद हेच राज्याचे धोरण होते. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांचे शिक्षण वेगळे आणि जाणीवपूर्वक हलक्या प्रतीचे केले. त्यावर १९७४ मध्ये फर्मान निघाले की, त्यांच्या शाळांतून गणित व सामाजिक शास्त्रे यांसारखे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकवावेत. ती राज्यकर्त्यांची भाषा. मुलांना तर ती परकी होतीच, अनेक शिक्षकांनाही धड येत नव्हती.

१९७६ उजाडले तेव्हा सरकारचे सैन्य शेजारच्या अंगोलातील यादवी युद्धात उतरलेले होते. मार्चअखेर त्याला माघार घ्यावी लागली. सीमेपलीकडील नामुष्की ओसरते न ओसरते तोच घरातला असंतोष पेटला. १६ जून रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत हजारो विद्यार्थी शाळेच्या गणवेशात मोर्चाने निघाले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन मारला गेला. त्याला हातांवर घेऊन धावणारा तरुण आणि शेजारी आक्रंदत धावणारी बहीण, हे सॅम एन्झिमा यांचे छायाचित्र जगभर पोहोचले. दंगलींचा वणवा महिनोन्‌महिने पसरत राहिला. सरकारी चौकशी आयोगानेच ५७५ मृतांची नोंद केली.

जुलैमध्ये सरकारने ते फर्मान मागे घेतले, पण धोरण सोडले नाही. २६ ऑक्टोबरला ट्रान्सकाय या प्रदेशाला 'स्वातंत्र्य' देऊन तेथील लोकांचे नागरिकत्वच काढून घेण्यात आले. जगातील अन्य एकाही देशाने त्या स्वातंत्र्याला मान्यता दिली नाही.

या इतिहासातून मातृभाषेच्या अभिमानाचा सोपा धडा काढण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. कारण सोवेटोतील मुलांची मागणी मातृभाषेतील शिक्षणाची नव्हती. आफ्रिकान्सपेक्षा त्यांना इंग्रजी चालत होती. आपण कोणत्या भाषेत शिकावे, हे आपल्याला न विचारता सत्तेने ठरवावे, याला त्यांचा विरोध होता.

आपणही थोडे आत्मपरीक्षण करावे. छत्तीसगडात मराठी आली ती १७४१ च्या नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीमागून. म्हणजे येथे तीही एके काळी राज्यकर्त्यांचीच भाषा होती. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, राजाश्रय गेला, तरी मराठी राहिली. ती घराघरांतून बोलली गेली आणि आईवडिलांनी आपणहून मुलांना मराठी शाळेत धाडले, म्हणून राहिली. छत्तीसगडी आणि हिंदी यांच्या सहवासात, कोणावरही न लादता ती गुढियारीत शिकवली जाते, याचे मला समाधान आहे.

आज आपल्यावर कोणाचे फर्मान नाही. म्हणूनच जबाबदारी अधिक आहे. आपल्या वर्गांतील बाके भरलेली राहतील की रिकामी होतील, हे कोणतेही सरकार ठरवणार नाही. दर जून महिन्यात पालकच ते ठरवतील. सोवेटोच्या मुलांना निवडीचा हक्क नव्हता. तो आपल्याला आहे. निदान विचारपूर्वक वापरावा, एवढीच माजी विद्यार्थ्यांना व पालकांना नम्र विनंती.

— मुख्याध्यापिका